शेंदूर न लागलेले दगड

आपल्याकडे दगडाला टिकायचं असेल तर तीनपैकी एक गोष्ट लागते. शेंदूर, शिलालेख, नाहीतर शिवाजी महाराज. शेंदूर असला की हात लावायची कुणाची छाती होत नाही. शिलालेख असला की निदान दोन-चार प्राध्यापक येऊन ठसे घेऊन जातात. आणि महाराजांचा संबंध असला की पोरं रविवारी कुदळ-फावडी घेऊन गड साफ करायला निघतात (निघावंच, त्यांच्याबद्दल आदरच आहे). तिन्हींपैकी काहीच नसेल तर तो नुसता गोटा. आणि गोट्याची खडी होते.

गेल्या डिसेंबरात नागपूरला लग्नाला गेलो होतो, तेव्हा हळदीच्या दिवशी दुपारी मी तीन तास गायब होतो. कुठं होतो ते आत्याला अजून नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथंच सांगून टाकतो. जुनापाणीला गेलो होतो. नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्याच्या बाजूला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथं शिळावर्तुळं आहेत.

पहिल्यांदा बघताना काहीच दिसत नाही, हे आधी सांगतो. स्टोनहेंज डोक्यात घेऊन गेलात तर हिरमुसाल. उंच खांब नाहीत, त्यांच्यावर आडवे टाकलेले दगड नाहीत. वाळल्या गवतातून काळे दगड वर आलेले, कुठं गुडघ्याएवढे, कुठं त्याहून मोठे. जरा वेळ उभं राहिलं की ध्यानात येतं, अरे, ही ओळ वळतीय. वळत वळत परत आपल्यापाशी येतीय. मधली जमीन किंचित फुगलेली. मग शेजारचं वर्तुळ दिसतं, त्याच्या पलीकडचं दिसतं, आणि मग दिसायचं थांबतच नाही. या परिसरात अशी सुमारे तीनशे वर्तुळं नोंदली गेली आहेत. काही दगडांवर लिंबू बसेल एवढे गोल खळगे कोरलेले आहेत, ओळीनं. कशासाठी, यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. मी बोट फिरवून पाहिलं. खळगा गुळगुळीत होता, एवढंच खात्रीनं सांगू शकतो.

जे. एच. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं खणून १८७९ साली त्यावर लिहिलं. मग १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तीन वर्तुळांचं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पुढं शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड अशी विदर्भातली ठिकाणं एकामागून एक उजेडात आणली. नायकुंडला अ. प्र. जामखेडकर बरोबर होते. ही वर्तुळं म्हणजे दफनं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे ढोबळ हिशेबानं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. आत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, कडी, घोड्याचे लगाम. माहूरझरीला तर माणसाबरोबर घोडा पुरलेला सापडला, तोंडावर तांब्याचा साज चढवलेला. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली.

भट्टी! सम्राट अशोकाच्या आधी, सातवाहनांच्या आधी, रामटेकच्या जवळ कुणीतरी भात्याला बसून वारा घालत होतं आणि दगडातून लोखंड काढत होतं. शाळेत आम्हाला इतिहास शिकवला त्यात हा माणूस नव्हता. हडप्पा झालं की एकदम गौतम बुद्ध, आणि महाराष्ट्र म्हटलं की सुरुवातच पैठणपासून.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो.

जुनापाणीला निदान कायद्याचं छत्र आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार ते राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित ठिकाण आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा ठिकाणाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकाम, खाणकाम बंद, पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कागदावर सगळं चोख आहे. पण मेलेल्या माणसांना पुरताना त्या लोकांनी काही हद्द आखून पुरलेलं नाही. संरक्षित यादीच्या बाहेरही नागपूरभोवतीच्या शिवारांत वर्तुळं विखुरलेली आहेत.

परत येताना अशाच एका शिवारात थांबलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या कुणीतरी गुप्तधनासाठी पहार घेऊन जायचा. तिथं मी अर्धं वर्तुळ पाहिलं. पडझडीनं अर्धं झालेलं नव्हे, चाकूनं भाकरी कापावी तसं कापलेलं. उरलेल्या अर्ध्याच्या जागी मुरमाचा खड्डा आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. खड्ड्याच्या कडेला काळ्या मातीचा पट्टा मुरमात वेगळा उठून दिसत होता. थडग्यात बाहेरून आणून भरलेली माती असावी. ती कापलेली बाजू बघताना पोटात कसंतरी झालं.

एक म्हातारबाबा शेळ्या घेऊन आले.

"काय पाहून राहिले जी?"

"हे दगड बघतोय."

"लेआउट पाडता का इथं?"

नाही म्हटलं.

"मंग धन हाय का आत?"

धन नाही, मढी आहेत, म्हणालो. फार जुनी.

"कोनाची?"

कुणाला माहीत नाही, म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मंग गवळ्यायची असन. आमचे बुढे गवळ्यायचे गोटे म्हनत." आणि शेळ्या हाकत पुढं गेले. गवळ्यांची ही समजूत जुन्या इंग्रजी नोंदींतही आहे, म्हणजे दीडशे वर्षांत त्या गावात या दगडांबद्दल एवढंच बोललं गेलेलं आहे.

"कोनाची?" या प्रश्नापाशी सगळं येऊन अडतं. मढं कुणाचं ते ठरत नाही, म्हणून ते कुणाचंच नाही. त्यांची जात माहीत नाही, भाषा माहीत नाही, देव माहीत नाही. त्यांच्या नावानं मोर्चा निघू शकत नाही, जयंती होऊ शकत नाही, चौकाला नाव देता येत नाही. अर्धं वर्तुळ ट्रॅक्टरमध्ये गेलं तर एकाही माणसाच्या भावना दुखावत नाहीत. आणि आपल्या राज्यात भावना दुखावल्याशिवाय काहीही हलत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

२०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले. मीही वाटले. आमची भाषा दोन हजार वर्षांहून जुनी, हे सांगताना छाती फुगली. २०२५ च्या जुलैत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हाही फुगली. मग त्याच मातीत त्याच्याही आधी राबलेल्या माणसांनी काय पाप केलं? त्यांनी काही लिहून ठेवलं नाही, एवढंच ना? लिहून न ठेवता मेलेली माणसं मोजायची नाहीत असं ठरवलं, तर आपले स्वतःचे पणजोबा-खापरपणजोबासुद्धा बाद होतील.

आमच्या लातूर-नांदेडकडं गावागावात मारुतीच्या देवळापुढं वीरगळ असतात. खाली लढाई, मध्ये वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. कोण वीर, कुणाशी लढला, गावात कुणालाही सांगता येत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या तेल आणि शेंदूर चढत आला. कोरीवकाम बुजून गेलं, नाक-डोळे एक झाले, दगड मात्र जागेवर राहिला. कायद्याला जे जमलं नाही ते बायकांच्या वाटीभर तेलानं केलं, हे मान्य करायलाच हवं. मग शिळावर्तुळांनाही शेंदूर लावावा का? माझ्या मनात क्षणभर आलं होतं. पण नको. शेंदूर लागला की सहा महिन्यांत वर पत्रा येईल, वर्षाच्या आत सभामंडप, आणि पुढच्या निवडणुकीआधी आमदार निधीतून पेव्हर ब्लॉक.

मेलेल्यांना पुरून वर दगड ठेवणं आपल्याला परकं आहे, असंही कुणी सांगू नये. आमच्याकडं लिंगायत समाजात माणसाला बसवून पुरतात आणि वर समाधी बांधतात. आणि किल्लारी तर आमच्या पिढीनं पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या माणसांवर पडल्या. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं उठून दुसरीकडं वसली. किल्लारीला स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथं लोक जमतात. पण जुन्या गावठाणात कुणाचा उंबरा कुठं होता, कुठल्या आळीत कोण राहत होतं, हे बोट दाखवून सांगणारी माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यानंतर तिथंही नुसते दगडच उरतील. मग एखादा मुरूमवाला येऊन "कोणाचे?" असं विचारेल, तेव्हा काय उत्तर द्यायचं ते आजच ठरवलेलं बरं.

"दगडं जपून पोट भरतंय का रे?" हा आमच्या काकांचा ठरलेला प्रश्न, तो आत्ताच ऐकू यायला लागला. काका, नाही भरत. पण वर्तुळ फोडूनही कुणाचं भरत नाही. मुरमाचा खड्डा दोनशे फूट पलीकडं घेतला असता तर त्या ट्रॅक्टरवाल्याचं काय बिघडलं असतं? त्याला सांगितलंच नाही कुणी. ज्याच्या रानात वर्तुळ आहे त्या शेतकऱ्याचं म्हणणं मला पटतं. औताला दगड लागतात, तेवढी जागा पडीक राहते, वर पुरातत्त्ववाले आले तर जमीन जाईल ही धास्ती. त्यापेक्षा गुपचूप जेसीबी लावलेला बरा, असं त्याला वाटलं तर नवल नाही. माझं म्हणणं इतकंच की सातबाऱ्यावर इतर अधिकारात विहिरीची, वाटेची, बँकेच्या बोजाची नोंद होते, तशी एका ओळीत वर्तुळाचीही व्हावी. आणि जेवढे गुंठे त्यात अडकले तेवढ्यांचा वर्षाचा मोबदला त्याला मिळावा. चारदोन गुंठ्यांचे पैसे राज्याला जड नाहीत. एका पुतळ्याच्या चौथऱ्यात सगळ्या जिल्ह्याची वर्तुळं बसतील.

हे होत नाही असंही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांना राजा नाही, देव नाही, लेख नाही. तरी तिथल्या स्थानिक मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवले, गावकऱ्यांना बरोबर घेतलं, आणि २०२२ साली ती शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली. कर्नाटकातलं हिरेबेणकल, तेही महापाषाणीयच, २०२१ सालीच त्या यादीत गेलं. आणि ज्या स्टोनहेंजसमोर उभं राहून आपले विलायतेतले नातेवाईक फोटो पाठवतात, तेही १९१५ साली लिलावात ६,६०० पौंडांना विकलं गेलं होतं. घेणाऱ्यानं तीन वर्षांनी ते देशाला देऊन टाकलं, मग लोकांनी ते आपलं मानलं. तिकडच्या दगडांना जन्मतःच मोठेपण नव्हतं.

तर आता नागपूरच्या भाच्यांना आणि पुतण्यांना काम. लग्नात दिवसभर मोबाईल घेऊन बसला होतात ना? फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जा, गवत वाळून बसलेलं असतं, दगड नीट दिसतात. पावसाळ्यात जाऊ नका, काही कळत नाही. प्रत्येक वर्तुळाचा फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा, पावलांनी व्यास मोजा, खळगे असलेला दगड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. शेतमालक भेटला तर त्याच्याशी बोला, चहा पाजेल, गट नंबर विचारून घ्या. दगड हलवायचे नाहीत, खळग्यांत खडू भरून फोटो काढायचे नाहीत, आणि ठिकाणं इंटरनेटवर टाकायची नाहीत. सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी न्या. मी सांगितलेलं ते अर्धं वर्तुळ आधी करा. रस्ता फोनवर सांगतो. मी गेलो तेव्हा खड्ड्याच्या या बाजूला अकरा दगड उभे होते.