विनोद दोघांचा, बोल एकटीला

बुरोंडीतल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत परवा हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. वाडीतली एक मुलगी शेजारच्या मुलाबरोबर मोबाइलवर विनोदी चित्रफिती करते. सासू-सुनेची भांडणं, मासळीबाजारातली घासाघीस, असले विषय. सगळी वाडी त्या बघून हसते. पण दोघांविषयी कुजबुज सुरू झाली आणि वाडीने समज दिली ती मुलीच्या आईवडिलांना. मुलाला कुणी शब्दाने विचारले नाही. गटातल्या एक काकी म्हणाल्या, “तो पडला बाप्यामाणूस. नाव जाईल ते पोरीचं.”

शिमग्याच्या नमनात मावशी होणारा पुरुष चावट बोलला तर आपण सगळ्या पोट धरून हसतो. त्याचे नाव जात नाही. मग हसवणाऱ्या बाईचेच का जाते?

१९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ आठवा. कथा आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणाऱ्या तरुणाची फजिती करणारी नायिका मीनाक्षी शिरोडकर. एका गाण्यात ती पोहण्याच्या पोशाखात दिसली आणि गहजब झाला. कथा पुरुषाची, दिग्दर्शन पुरुषाचे. पण आजही आठवण निघते ती तिच्या पोशाखाची. विनायकांसमोर तिने तोडीस तोड विनोद केला, हे किती जण सांगतात?

अमेरिकेतल्या मूकपटांतही हेच दिसते. मेबल नॉर्मंड आणि रॉस्को आर्बकल ही तिथली लाडकी विनोदी जोडी. मेबल १९१४ पासून स्वतः दिग्दर्शनही करत होती. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉटेलात आर्बकलच्या मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅपी ही नटी आजारी पडून वारली. त्याच्यावर तीन वेळा खटला चालला आणि एप्रिल १९२२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, त्याची क्षमाही मागितली. आरोपाने त्याचीही कारकीर्द बुडाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या खटल्यात आणखी एकीची चौकशी झाली, जी उत्तर द्यायला जिवंत नव्हती. व्हर्जिनिया पूर्वी कशी वागत होती, किती पीत होती, यावर साक्षी झाल्या. त्याला निर्दोष म्हणणारे न्यायालय होते. तिला निर्दोष म्हणायला कुणीच नव्हते.

मेबलचे काय झाले? फेब्रुवारी १९२२ मध्ये तिचे स्नेही, दिग्दर्शक विल्यम टेलर यांचा खून झाला. त्या संध्याकाळी ती त्यांना भेटून गेली होती, एवढाच तिचा अपराध. तिच्यावर खटला कधी झालाच नाही, पण वर्तमानपत्रांनी तिला सोडले नाही. १९३० साली ती क्षयाने गेली.

परदेशातले म्हणून हे दूर लोटू नका. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम १५५(४) बलात्काराच्या आरोपीला फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याची मुभा देत होते. १९७२ च्या मथुरा प्रकरणातही त्या मुलीच्या चारित्र्याचीच चर्चा झाली आणि पोलीस सुटले. ते कलम रद्द झाले २००२ च्या दुरुस्तीने, म्हणजे एकशे तीस वर्षांनी. कायद्याच्या पुस्तकातून ते गेले. वाडीच्या बैठकीतून अजून गेलेले नाही.

आणि बायांनो, ते आपल्याही तोंडातून गेलेले नाही. कुजबुज पाणवठ्यावर झाली, मासळीच्या टोपल्यांपाशी झाली. तिथे पुरुष नव्हते.

त्या मुलीचा मोबाइल सध्या वडिलांच्या कपाटात आहे. मुलगा दुसऱ्या मित्राला साडी नेसवून चित्रफिती करतोच आहे. गटाने ठरवले आहे की वाडीच्या पुढच्या बैठकीला चौघींनी जायचे आणि एवढेच विचारायचे: काही चुकले असेल तर दोघांना बोलवा, चुकले नसेल तर मोबाइल परत द्या. काकी सगळ्यात आधी उठल्या. म्हणाल्या, “मी येते. बोलले तीही मीच होते.”