घसारा

बी.कॉम.ला असताना ज्या थोड्याफार गोष्टी माझ्या डोक्यात शिरल्या आणि बँकेत वीस वर्षं काढूनही तिथून हलल्या नाहीत, त्यांत 'घसारा' हा एक शब्द आहे. यंत्र चाललं की झिजतं. ते झिजणार हे ठाऊक असतं, म्हणून शहाणा व्यापारी दरवर्षी त्याच्या नावानं काही रक्कम आधीच बाजूला काढतो. याला तरतूद म्हणतात. झिजलं म्हणून यंत्राला कुणी भित्रं म्हणत नाही, की 'जरा सोसायला शीक' असा उपदेशही करत नाही. पण हीच साधी गोष्ट हिशेबाच्या वहीतून उचलून माणसाच्या मांडीपर्यंत नेली, की भल्याभल्या मराठी माणसाचं वाणिज्य संपतं आणि अध्यात्म सुरू होतं.

मांडी हा शब्द मी सभ्यपणे वापरला. खरा शब्द जांघ. लांब पल्ल्याची सायकल मारताना कपडा काचतो तो तिथे. आपल्या भाषेत जाच आणि काच ही सख्खी भावंडं आहेत. त्यांपैकी जाचाबद्दल आपण जन्मभर बोलतो. सासूचा जाच, साहेबाचा जाच, वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून गळणाऱ्या पाण्याचा जाच. काचाबद्दल मात्र चकार शब्द नाही. माझं भांडण आहे ते या मौनाशी.

आमच्या पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणत. मग लोकांनी सायकली विकून स्कूटरी घेतल्या, स्कूटरी विकून मोटारी घेतल्या, आणि आता मोटारींमुळे सुटलेलं पोट उतरवायला स्कूटरच्या किमतीच्या सायकली घेतल्या. रविवारी पहाटे निघणाऱ्या अशा एका टोळक्यात मीही असतो. आमच्यात गिअरवर दोन तास व्याख्यान देणारे आहेत. टायरमधल्या हवेवरून अबोला धरणारे आहेत. हेल्मेट, दिवे, पाण्याच्या बाटल्या, मनगटावरचं ठोके मोजणारं घड्याळ, सगळ्यावर चर्चा होते. फक्त माणूस ज्यावर बसतो आणि जे घालून बसतो, त्यावर होत नाही. जणू सगळे तरंगतच महाबळेश्वरला पोचतात!

आमच्या शाखेतला एक तरुण सहकारी जीन्स घालून असाच महाबळेश्वरला जाऊन आला. सोमवारी तो काउंटरवर उभा. दुपार झाली तरी उभाच. कुणी विचारलं की म्हणे, "पाठ धरलीय." पासिंग ऑफिसरांनी मूळव्याधीचं निदान केलं. हेडकॅशियर बाईंनी ताक आणि सुरणाचा उपाय सांगितला, शिपायानं एका वैद्याचा पत्ता दिला. त्यानं सगळ्यांचे आभार मानले! म्हणजे पाहा, मूळव्याध हा आपल्याकडे प्रतिष्ठित आजार आहे, तो चारचौघांत मिरवता येतो. जांघ सोलवटली हे मात्र सांगता येत नाही. चौथ्या दिवशी जखमेत पू झाला, डॉक्टर झाले, रजा झाली आणि महिन्याभरात सायकल विकली गेली. पाय त्याचे मजबूत होते, छाती मजबूत होती. तो हरला तो एका शिवणीपुढे.

आता थोडा हिशेब. सायकलस्वार मिनिटाला साधारण ७५ वेळा पेडल फिरवतो. म्हणजे तासाला ४,५०० फेऱ्या. पुण्याहून महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर, वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट. आठ तास धरा. उतारावर पाय थांबतात, चढावर मंदावतात, चहाला आपण उतरतो, म्हणून निम्म्या फेऱ्या मी उदारपणे सोडून देतो. तरी १८,००० उरल्या. अठरा हजार वेळा तीच शिवण त्याच जागेवरून जाणार. वर चक्रवाढ व्याज वेगळं. घासून कातडी नाजूक होते. घामानं ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त घासली जाते. घाम वाळला की मीठ मागे राहतं, ते कानशीसारखं काम करतं. मुद्दल राहिलं बाजूला, व्याजातच माणूस बुडतो.

या घसाऱ्यावर सल्ला देणाऱ्यांचे आपल्याकडे चार पंथ आहेत आणि चारी पंथांशी माझं वैर आहे.

पहिला 'सवय होते' पंथ. यात निवृत्त काका फार. "अरे, आम्ही शाळेला पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत आठ मैल सायकल मारत होतो!" मारत असाल, काका. पण दोन दुखणी वेगळी आहेत. बसण्याची जी दोन हाडं असतात, ती सुरुवातीला ठणकतात आणि काही आठवड्यांच्या सवयीनं थांबतात, हे खरं. कातडीचं तसं नाही. सोलवटलेली कातडी पुन्हा घासून सवय होत नाही, जखम होते. आणि सोसण्याचीच गोष्ट असेल, तर २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत पुरी करायची ती 'ब्रेव्हे' नावाची शर्यत नसलेली शर्यत करणाऱ्यांना विचारा. सोसण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण निघण्यापूर्वी मलम चोपडण्यात सर्वांत काटेकोर तेच असतात.

दुसरा सुती पंथ. "आपल्या हवेला सुतीच बरं." बरोबर आहे, खुर्चीत बसून पासबुकं भरायची असतील तर. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. दोन तासांनी आपण कपड्यावर बसलेले नसतो, ओल्या पोतेऱ्यावर बसलेले असतो. जीन्स तर त्याहून थोर. रिव्हेट ठोकलेल्या विजारीचं पेटंट अमेरिकेत १८७३ साली घेतलं गेलं, ते अंगमेहनतीच्या कामात टिकावी म्हणून. सुरुवातीला दोन्ही पाय जुळतात त्या नेमक्या जागीसुद्धा एक रिव्हेट असे! ते पुढे काढलं. पण जाड शिवणींची गाठ अजून तिथेच आहे, आणि आपण नेमके तिच्यावर बसतो.

तिसरा पावडर पंथ. अंघोळीनंतर डबाभर पावडर शिंपडून ही मंडळी देवासारखी पांढरी होऊन निघतात. कोरड्या अंगाला पावडर ठीक. घामात तिचा लगदा होतो, लगद्याचे गोळे होतात, आणि घासायला एक नवीन वस्तू मिळते.

चौथा गादी पंथ. दुखलं की सीटवर मऊ गादीचं कव्हर चढवायचं. दुकानदार तेच आधी पुढे करतो. छोट्या फेरीला हे सिंहासन छान वाटतं. पण लांबच्या प्रवासात मऊ, रुंद गादीत माणूस रुततो आणि दोन्ही मांड्या कडेला घासत राहतात. त्यापेक्षा सीटची उंची पाहावी. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा, इतपत. सीट फार उंच झाली तर कंबर घड्याळाच्या लंबकासारखी डुलते, आणि ती डुलली की घसारा दुप्पट.

मग तरतूद काय? ती जुनीच आहे. युरोपातले जुने शर्यतपटू लोकरीच्या चड्डीत आतून मऊ कातडं शिवून घेत. ते शॅमॉय नावाच्या, आल्प्समधल्या रानबकरीसारख्या प्राण्याचं. ते कातडं धुतलं की पापडासारखं कडक होई, म्हणून त्याला मलम चोळत. आता कातडं गेलं, कृत्रिम धाग्याचं पॅड आलं. नाव मात्र प्राण्याचंच राहिलं. ही पॅडची चड्डी अंगाला घट्ट हवी, म्हणजे कपडा कातडीबरोबर हलतो, कातडीवर घासत नाही. शिवणी चपट्या हव्यात. जिथे काचतं तिथे निघण्यापूर्वी मलम किंवा व्हॅसलीन लावावं. खोबरेल चालतं, पण ते लवकर मुरतं, पुन्हा लावावं लागतं.

आणि आता तो स्फोटक मुद्दा. या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. हे वाक्य मी एकदा डब्याच्या वेळी उच्चारलं, तेव्हा शाखेत कॅश कमी आल्यासारखी शांतता पसरली. "म्हणजे... आत काहीच नाही?" नाही हो! आतली चड्डी म्हणजे पुन्हा सूत, पुन्हा शिवण. पैसे मोजून शिवण टाळायची आणि घरची शिवण फुकट आत न्यायची, हा कुठला हिशेब? पण माणसं संस्कारांसाठी कातडी द्यायला तयार असतात.

लाजेची दुसरी शाखा गॅलरीत उघडते. घरी आल्याबरोबर ही चड्डी उतरवावी, धुवावी, उलटी करून उन्हात वाळवावी, पुन्हा न धुता घालू नये. आमच्याकडे ती वाळत पडते टॉवेलच्या खाली, समोरच्या बिल्डिंगला दिसू नये म्हणून. तिथे ती दमट राहते आणि मग नायटा होतो. मग तोंड लपवून मेडिकलवाल्याकडून नाव न विचारता ट्यूब आणायची. त्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं. आठ दिवस बरं वाटतं आणि बुरशी मुक्कामाला येते. डॉक्टरला दाखवायला पाच मिनिटं लागतात. न दाखवायला सहा महिने.

बायकांची गोष्ट तर आणखी अवघड. त्यांच्या बसण्याच्या हाडांतलं अंतर सहसा जास्त असतं, म्हणून पॅड वेगळं, सीटही वेगळी लागते. दोन्ही बाजारात मिळतात. माझ्या मेहुणीनं तरी सायकल सोडली. आमच्या सौ.नं सांगितलं, "अहो, दुकानात सगळी पोरंच. ती विचारणार काय आणि कशी?" माझ्यापुढे मेहुणी 'भावोजी, गुडघे दुखतात' एवढंच म्हणाली. सांगायला सोयीचे म्हणून बिचारे गुडघे किती जणांचे आळ घेतात!

तरी मी आणि माझ्यासारखे पगारदार सुखी. आम्ही हौसेनं जातो, दुखलं तर टेम्पोत सायकल टाकून येतो, आणि हजार-दोन हजारांची चड्डी घेऊ शकतो. पण आमच्या दारात जेवणाचा डबा घेऊन येणारा पोरगा दिवसभर सायकल मारतो, तो जीन्समध्ये. त्याला कंपनीनं छापील शर्ट दिलाय, टोपी दिलीय, पाठीवरची पेटी दिलीय. म्हणजे गिऱ्हाइकाला जे जे दिसतं, ते ते दिलंय. ज्यावर तो दहा तास बसतो त्या जागेचा विचार कुणाच्या अंदाजपत्रकात नाही. त्याला काचलं तर तो उभा राहून काउंटर सांभाळू शकत नाही, आणि रजा टाकली तर त्या दिवशीची कमाई शून्य. सायकलीच्या चेनला तेल मिळतं, मांडीला मिळत नाही. चेन तुटली तर धंदा थांबतो ना!

कुठल्याही ताळेबंदात यंत्राचा घसारा न दाखवता नफा दाखवला, तर हिशेबतपासनीस लाल शाईनं खूण करतो. माणसाच्या घसाऱ्यासाठी असा तपासनीस नाही. तेव्हा ते काम आपणच करायला हवं. सायकलच्या दुकानात मोठ्या आवाजात विचारा, "पॅडची चड्डी दाखवा." बायकांनीही विचारा. दुकानात बाई ठेवा म्हणून मालकाला सांगा. गॅलरीतला टॉवेल बाजूला करा. दारात आलेल्या पोराला पाण्याबरोबर 'आत सुती चड्डी घालू नकोस रे, आणि व्हॅसलीन लाव' एवढं सांगा. तो आधी चमकेल, मग हसेल, आणि घरी जाऊन लावेल. समोरच्या बिल्डिंगला काय वाटेल ते वाटू द्या. तिथेही कुणी तरी आज उभ्यानंच जेवत असणार.