फुकट ग्रंथांचे वय

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये किंवा गोलबाजारात राहणाऱ्या कोणाही मराठी माणसाला आज चौथ्या शतकातली बायबलची प्रत मोबाइलवर उघडता येते. तिचे नाव कोडेक्स सिनाईटिकस. चामड्याच्या पानांवर ग्रीक भाषेत हाताने लिहिलेली ही प्रत सिनाईच्या सेंट कॅथरीन मठात होती. एकोणिसाव्या शतकापासून तिची पाने चार ठिकाणी विखुरत गेली: लंडनमध्ये ३४७, लाइपझिगमध्ये ४३, उरलेली थोडी मठात आणि काही तुकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये. जुलै २००९ मध्ये चारही संस्थांनी मिळून ती इंटरनेटवर पुन्हा एकत्र आणली. नाव नोंदवायला नको, पैसे नकोत, शिफारसपत्र नको. पंडितांना पूर्वी एवढ्यासाठी आगबोटीने जावे लागे.

आता या प्रतीत योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढायचा. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला येशूपुढे आणतात आणि पहिला दगड कोणी मारायचा हा प्रश्न उभा राहतो, ती गोष्ट. बायबल कधी हातात न धरलेल्या माणसालाही ती ठाऊक असते. सिनाईटिकसमध्ये ती नाही. सातव्या अध्यायाच्या ५२व्या वचनानंतर मजकूर थेट आठव्याच्या १२व्या वचनावर येतो. मध्ये मोकळी जागा नाही, खाडाखोड नाही. व्हॅटिकन ग्रंथालयातल्या तितक्याच जुन्या प्रतीतही तोच प्रकार. तीही ऑनलाइन आहे. केंब्रिजची कोडेक्स बेझी ही साधारण शंभर वर्षांनी धाकटी. तिच्यात मात्र गोष्ट आहे, आणि तिची पानेही केंब्रिज विद्यापीठाने खुली केली आहेत.

अभ्यासक बहुसंख्येने मानतात की ही गोष्ट जुनी असली तरी योहानाच्या मूळ लेखनात नव्हती, मागाहून आली. म्हणून अनेक छापील आवृत्त्या ती कंसात घालतात आणि खाली टीप देतात. गंमत अशी की मोबाइलवर वाचताना ही टीपच आधी नजरेआड होते. बारीक खुणेवर बोट ठेवल्याशिवाय ती उघडत नाही, आणि रोज एक अध्याय वाचून हजेरी लावणारा माणूस खुणांवर कशाला बोट ठेवील? रोजच्या वाचनाचे कौतुक करणाऱ्या अ‍ॅपनी वाचणारे वाढवले हे खरे. थांबणारे किती वाढवले, याची शंकाच आहे.

थांबायचे असेल तर साधनांची ददात नाही. केंब्रिजच्याच टिंडेल हाउस या संशोधन ग्रंथालयाने ‘स्टेप बायबल’ तयार केले ते मुळी ज्यांच्या आसपास ग्रंथालय नाही अशांसाठी. वचनातल्या शब्दावर बोट ठेवले की मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द दिसतो आणि तो आणखी कुठे कुठे आला आहे याची यादी पुढे येते. ते उतरवून घेऊन नेटशिवायही चालवता येते. जबलपूर शहरात याचे महत्त्व वाटणार नाही. मंडला-दिंडोरीच्या आडगावात उपदेशाची तयारी करणाऱ्या पाळकाला लगेच पटेल. रिक मेयर्स यांनी २००० साली काढलेले ‘ई-सोर्ड’ही असेच, संगणकावर एकदा घातले की झाले.

या बहुतेक साधनांच्या पोटात मात्र एकच जुने पुस्तक आहे. अमेरिकेतले प्राध्यापक जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली, शंभरावर सहकाऱ्यांच्या मदतीने, इंग्रजी बायबलमधल्या शब्दांची सूची छापली आणि मूळ भाषांतल्या प्रत्येक शब्दाला क्रमांक दिला. हिब्रूचे क्रमांक ८,६७४ पर्यंत जातात. संगणक यायच्या कितीतरी आधी केलेली ही क्रमवारी संगणकाला इतकी सोयीची पडली की आजही त्याच क्रमांकांवर सारा डोलारा उभा आहे.

पण ती वापरात राहिली याला सोय हे एकच कारण नव्हे. तिचे हक्क संपले आहेत. मोफत बायबल-साहित्याच्या कपाटावरून नजर फिरवली की हे फार स्पष्ट दिसते. थेयरचा ग्रीक कोश १८८९चा, ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्जचा हिब्रू कोश १९०६चा. सगळीकडे भेटणारी मॅथ्यू हेन्रीची टीका तर १७०८ पासून छापली जाऊ लागली, मराठीत पहिली शुभवर्तमाने छापणाऱ्या विल्यम कॅरीच्या जन्माच्याही आधी. पडदा नवा, छपाई सुबक, म्हणून मजकूरही ताजा असेल असे वाचक धरून चालतो. थेयरच्या कोशानंतर इजिप्तच्या वाळूतून ग्रीक कागदपत्रांचे ढीग निघाले, पावत्या, खासगी पत्रे, अर्ज. नव्या करारातली भाषा बाजारात बोलली जाणारीच होती हे त्यांतून उलगडले. मृत समुद्राजवळची हस्तलिखिते १९४७ मध्ये सापडू लागली. त्यांतली यशयाची सात मीटरहून अधिक लांबीची गुंडाळी २०११ पासून ऑनलाइन पाहता येते, पण तिच्याशेजारच्या टॅबमध्ये उघडलेल्या टीकाकाराला तिची गंधवार्ताही नाही. हे जुने ग्रंथ टाकाऊ नव्हेत. फक्त साल पाहून वाचावेत, आणि साल शोधायला बहुतेक ठिकाणी तीन-चार पानांमागे जावे लागते.

जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्या प्रांताचा आणि मराठी बायबल-अभ्यासाचा संबंध जुना आहे. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळक वाचत गेले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढचे सारे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी घरांत माहीत आहे.

पंडिता रमाबाई याच प्रांतात १८९६-९७च्या दुष्काळात आल्या आणि निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन परतल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. पुढे रमाबाईंनी जे केले त्याला आजच्या भाषेत साधननिर्मितीच म्हणावे लागेल. हाताशी असलेल्या मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. त्यावर त्या लेख लिहून थांबल्या नाहीत. चाळिशी उलटल्यावर ग्रीक आणि हिब्रूला हात घातला, अनुवाद सुरू केला, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम सदनातल्या स्त्रियांनी सदनाच्याच छापखान्यात केले. अनुवादाला एका तपाहून अधिक काळ लागला. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. अनुवाद हातावेगळा करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. मूळ भाषांतून सबंध बायबल एकहाती अनुवादणारी बाई जगात कुठेही विरळाच.

एवढा वारसा असून मोबाइलवरच्या मराठी वाचकाची स्थिती विचित्र आहे. वाचायला मजकूर भरपूर. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ ‘यूव्हर्शन’वर मोफत आहे, ऐकायला ध्वनिमुद्रणे आहेत, आणि २०१९ची ‘इंडियन रिव्हाइज्ड व्हर्शन’ तर खुल्या परवान्याखाली आहे, म्हणजे श्रेय देऊन कोणीही ती वापरावी, तिच्यावर नवे काही रचावे. पण शब्दावर बोट ठेवले की जो कोश उघडतो तो बहुधा इंग्रजीत. टीका इंग्रजीत, नकाशावरची नावेही इंग्रजीत. जबलपूरचा मराठी माणूस शाळेपासून हिंदीत वाढलेला, घरी मराठी, कामाला इंग्रजी. तो तीन खिडक्या उघडून कसाबसा निभावून नेतो. केडगावच्या आसपासच्या ज्या बाईसाठी रमाबाई ग्रीक शिकल्या तिची अडचण मात्र होती तिथेच आहे.

हे भरून काढायला पैसा कमी आणि चिकाटी जास्त लागेल. जबलपुरात लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आहे, मेथडिस्ट परंपरेतले, सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न. त्याच सेरामपूरमध्ये कॅरींनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ साली नवा करार मराठीत छापला होता. ग्रीक शिकवणारे गुरुजन अशाच संस्थांत असतात. ‘स्टेप’ची पायाभूत माहितीही खुल्या परवान्याची आहे, तेव्हा तिच्यातल्या कोशाच्या नोंदी मराठीत आणायला कोणाच्या परवानगीसाठी अडून बसावे लागणार नाही. सुरुवात फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रापासून करता येईल. एकच अध्याय, २५ वचने, आणि मूळ ग्रीक मजकूर साडेतीनशे शब्दांहूनही कमी.