टपकतं एकीकडे, गळतं दुसरीकडे!

आमचं गाव अचलपूर. समुद्र बघायचा तो सिनेमात! पण पावसाळ्यात माळवद गळायला लागलं की आई म्हणते, ‘टपकते तिथं नको पाहू बाप्पा, वर पाह्य.’ शिडाच्या बोटीचा फंडाही सेम.

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून जगप्रदक्षिणा केली. असल्या छोट्या बोटीत पाणी दिसलं तर पहिली टेस्ट जिभेची! खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोडं असेल तर पाऊस, नाहीतर प्यायच्या पाण्याची टाकी. आणि गोडं जास्त डेंजर, लाकूड त्यानंच लवकर कुजतं.

मग तळ कोरडा पुसायचा, संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरायची. ओघळ लगेच दिसतो. शेवटी एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं डेकवर पाइप धरायचा. खालून वर, एकेक जोड. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं, चोर सापडत नाही.

तुमच्या ईएमआयवाल्या फ्लॅटची भिंत ओली झालीय? पेंटरला फोन नंतर. आधी वरच्या मजल्यावरचं बाथरूम गाठा, बॉस!