रिकामे आसन आणि तिकिटाचा भाव

धान्याच्या वखारीत आयुष्य घालविलेल्या माणसाने अमेरिकेतील खेळाच्या तिकिटांविषयी लिहावे, याचे कित्येक सभासदांस नवल वाटेल. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज तिकडील विद्यापीठांत शिकत आहेत, आणि शनिवारच्या फुटबॉल सामन्यांचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात वारंवार येतो. या सामन्यांची तिकिटे कोणत्या भावाने विकावीत आणि रिकामी राहणारी आसने कशी भरावीत, हा प्रश्न तेथील विद्यापीठांस गेली कित्येक वर्षे सतावीत आहे. वस्तुतः हा प्रश्न खेळाचा कमी आणि व्यापाराचा अधिक आहे. म्हणूनच त्याविषयी एका व्यापाऱ्याने आपले मत मांडण्यास हरकत नसावी.

प्रथम त्या खेळाविषयी थोडेसे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. यातील चेंडू लांबट असून तो बहुतांशी हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. संघ विद्यापीठांचे असतात, आणि प्रत्येक संघाचे स्वतःच्या क्रीडांगणावर वर्षाकाठी अवघे सहा-सात सामने होतात. पण क्रीडांगणे केवढी! मिशिगन विद्यापीठाचे ॲन आर्बर येथील क्रीडांगण १९२७ साली खुले झाले, आणि आज त्यात १,०७,६०१ आसने आहेत. ८ नोव्हेंबर १९७५ पासून तेथील प्रत्येक सामन्यास लाखावर प्रेक्षकांची नोंद होत आली आहे. महामारीचे २०२० हे वर्ष तेवढे त्यास अपवाद.

आता या मालाचे स्वरूप पाहा. गव्हाचे पोते आज विकले गेले नाही तर उद्या विकता येते. भाव पडला तर वखारीत थांबविता येते. सामन्याचे आसन मात्र सामना संपताच नष्ट होते. भाजीवाल्याचा माल संध्याकाळपर्यंत तरी टिकतो. या मालास तेवढेही आयुष्य नाही. शिवाय क्रीडांगण बांधून झालेले, खेळाडू मैदानात उतरलेले. अशा वेळी एक आसन अधिक भरले तर खर्च जवळजवळ काहीच वाढत नाही. तेव्हा जो भाव येईल तो पदरात पाडून घ्यावा असे कोणासही वाटेल. येथेच खरी अडचण आहे. शेवटच्या दिवशी येणाऱ्यास स्वस्तात दिले, तर महिनाभर आधी पूर्ण पैसे मोजणारा गिऱ्हाईक स्वतःस फसविलेला समजतो, आणि पुढील वर्षी तोही शेवटच्या दिवसाची वाट पाहत बसतो. उलटपक्षी भाव चढा ठेवला, तर आसन रिकामे राहते आणि गिऱ्हाइकास घरी बसण्याची सवय लागते. माझ्या मते या दोहोंपैकी दुसरे नुकसान फार मोठे आहे, कारण ते त्या वर्षीच्या वहीत दिसत नाही.

मिशिगनचेच उदाहरण घ्यावे. तेथील क्रीडाविभागाची सूत्रे त्या काळी डेव्ह ब्रँडन या गृहस्थांकडे होती. ते पूर्वी एका मोठ्या पिझ्झा कंपनीचे प्रमुख होते, म्हणजे व्यापारात मुरलेले होते. २०१३ साली विद्यार्थ्यांच्या मोसमी तिकिटाचा भाव २९५ डॉलर झाला, आणि त्याच वर्षी ठराविक आसनांची जुनी पद्धत मोडून ‘जो आधी येईल त्यास पुढची जागा’ असा नियम केला गेला. परिणाम असा झाला की, पुढील वर्षी तिकिटे घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या कित्येक हजारांनी घटली. त्यातच सप्टेंबर २०१४ मध्ये एका प्रसिद्ध शीतपेयाच्या दोन बाटल्या घेणाऱ्यास सामन्याची दोन तिकिटे मिळतील अशी योजना जाहीर झाली. ज्यांनी शेकडो डॉलर मोजले होते त्यांच्या डोळ्यांदेखत तोच माल बाटलीबरोबर फुकट निघाला! मोठा गदारोळ झाला, विद्यार्थ्यांनी निषेध केला, आणि ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी ब्रँडन यांनी राजीनामा दिला. पुढील वर्षी विद्यार्थ्यांच्या तिकिटाचा भाव १७५ डॉलरवर, म्हणजे सात सामन्यांस दर सामन्यामागे २५ डॉलरवर, आणण्यात आला. त्या वर्षी संघही हरत होता, नंतर नवे प्रशिक्षक आले, या गोष्टी न्यायाने सांगितल्या पाहिजेत. केवळ भावामुळेच सारे घडले असे नाही. तथापि, चढा भाव आणि फुकटची खैरात या दोन्ही चुका एकाच दुकानात एकाच वेळी झाल्या म्हणजे काय होते, हे या प्रकरणावरून उत्तम कळते.

दुसरी गोष्ट जोड-विक्रीची. मोसमी तिकीट घेणाऱ्यास सर्व सामने घ्यावे लागतात. त्यांत दोन-तीन चुरशीचे, तर बाकीचे दुबळ्या संघांशी असतात. या दुबळ्या संघांस मोठी विद्यापीठे पैसे देऊन बोलावितात, म्हणजे एक विजय पदरात पडतो आणि घरच्या मैदानावर एक सामनाही वाढतो. कधी कधी हा सौदा अंगलटही येतो. २००७ साली मिशिगनने ॲपलेचियन स्टेट या लहान विद्यापीठास चार लाख डॉलर देऊन बोलाविले आणि त्यांच्याकडूनच ३४-३२ असा पराभव पत्करला. पण ते अपवादात्मक. एरवी प्रेक्षकास हे सामने नीरस वाटतात. टंचाईच्या दिवसांत ‘साखर पाहिजे तर सोबत साबणही घ्या’ असे सांगणारे दुकानदार आपण पाहिलेले आहेत. टंचाई आहे तोवर गिऱ्हाईक मुकाट्याने साबण घेतो. टंचाई सरली की तो त्या दुकानाची पायरी चढत नाही. आज सुट्या तिकिटांची फेरविक्री उघडपणे चालते, आणि दुबळ्या सामन्याचे तिकीट छापील किमतीहून किती खाली विकले जात आहे, हे घरबसल्या दिसते. मग तो संपूर्ण गठ्ठा कशासाठी घेईल?

तिसरी गोष्ट दानाच्या नावाखाली चाललेल्या सौद्याची. अनेक विद्यापीठांत चांगले आसन विकत घेण्याचा हक्क मिळविण्यासाठीच आधी वार्षिक देणगी द्यावी लागते. तिकिटाचे पैसे वेगळे. १९८८ च्या कायद्याने अशा देणगीच्या ऐंशी टक्के रकमेवर प्राप्तिकरात सूट मिळत असे. २०१७ च्या अखेरीस झालेल्या नव्या करकायद्याने ही सूट बंद केली, आणि आसनाचा खरा भाव किती हे देणाऱ्यास प्रथमच स्वतःच्या खिशावरून कळले. ज्याच्या मोबदल्यात आसन मिळते त्यास आपल्याकडे कोणी दान म्हणणार नाही. भाव असेल तर तो भाव म्हणूनच सांगावा. देणगीच्या वेष्टनात गुंडाळू नये.

चौथी गोष्ट मापाची, आणि जैन व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. २०१८ च्या मोसमात पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांची सरासरी प्रेक्षकसंख्या ४१,८५६ इतकी भरली. १९९६ नंतरचा हा नीचांक होता. २०२२ पासून ती थोडीफार सावरली. पण हे आकडे तरी खरे किती? ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१८ साली तपास करून दाखविले की, प्रत्यक्ष दारावर तपासल्या गेलेल्या तिकिटांची संख्या जाहीर संख्येच्या सरासरी एकाहत्तर टक्केच होती. बाकीची तिकिटे विकली किंवा वाटली गेली, पण माणूस आला नाही. अचौर्यव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे तो कमी-अधिक मापाविषयी. आणि खोट्या मापाने प्रथम फसतो तो स्वतः तोलणाराच, हा पेठेतील अनुभव आहे. ‘मैदान भरलेले आहे’ असे वहीत लिहून ठेवणाऱ्यास भाव उतरविण्याचे कारणच दिसत नाही. याउलट, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सत्तेचाळीस हजारांचे जुने क्रीडांगण पाडून पस्तीस हजारांचे नवे बांधावयाचे ठरविले. गिऱ्हाईक पाहून माप लहान करणे यात कमीपणा नाही.

गिऱ्हाईक घरी का बसला, याचे दुसरेही कारण आहे. १९५० नंतरच्या काळात विद्यापीठांच्या मध्यवर्ती संघटनेने दूरचित्रवाणीवर दाखवावयाच्या सामन्यांवर मर्यादा घातली होती. घरी सामना दिसला तर दारावर कोण येईल, ही भीती. १९८४ साली ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियंत्रण रद्द केले. तेव्हापासून प्रक्षेपणाचे उत्पन्न सारखे वाढत गेले. आता सामन्याची वेळही प्रक्षेपण करणारे ठरवितात, आणि जाहिरातींसाठी खेळ वारंवार थांबतो. पैसे देऊन उन्हात बसलेला मनुष्य हा दुसऱ्या क्रमांकाचा गिऱ्हाईक झाला. त्यास धरून ठेवण्यासाठी मग नाना युक्त्या निघाल्या. अलाबामा विद्यापीठाने २०१९ साली, शेवटपर्यंत बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांस भ्रमणध्वनीवरील नोंदीने गुण देण्याची योजना काढली. त्याच वर्षी दक्षिणेकडील विद्यापीठांच्या संघाने क्रीडांगणात सर्वसाधारण प्रेक्षकांस मद्य विकण्यावरील बंदी उठविली. विद्येच्या आवारात मद्य विकून जे आसन भरते, ते रिकामे राहिलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, विद्यापीठांस पैशाची गरज आहे, आणि मागणी असेल तर भाव चढणारच. हे म्हणणे अगदीच खोटे नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणे, कुस्ती यांसारखे इतर खेळ चालतात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार खेळाडूंस वर्षाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटा देण्याची मुभा विद्यापीठांस मिळाली. टेनेसी विद्यापीठाने तर त्यासाठी २०२५ च्या तिकिटांवर दहा टक्के जादा आकार लावला. तेजीत भाव वाढविण्यात पाप नाही, हे धान्याचा व्यापारी नाकारणार नाही. परंतु धान्य महाग झाले तरी माणूस जेवल्यावाचून राहत नाही. सामना महाग झाला तर तो त्यावाचून सुखाने राहू शकतो, आणि एकदा राहिला की त्यास परत आणणे कठीण. आज विसाव्या वर्षी जो विद्यार्थी त्या बाकावर बसला नाही, तो चाळिसाव्या वर्षी आपल्या मुलांस घेऊन तेथे येणार नाही. म्हणजे विद्यार्थ्याच्या तिकिटातील तूट ही तूट नव्हे, ते पुढील पिढीसाठी टाकलेले बियाणे आहे.

तात्पर्य, माझ्या बुद्धीप्रमाणे चार नियम असावेत. विद्यार्थी व लहान मुलांची कुटुंबे यांच्यासाठी स्वस्त भाव ठरवावा आणि तो निदान पाच वर्षे बदलू नये. मोठ्या व दुबळ्या सामन्यांचे भाव निरनिराळे असावेत, ते मोसमापूर्वीच जाहीर व्हावेत, आणि एकाच्या गळ्यात दुसरा बांधू नये. जाहीर केलेला भाव ऐनवेळी पाडू नये. उरलेली आसने, नेब्रास्का विद्यापीठाने २०२१ मध्ये दात्यांच्या साहाय्याने केले त्याप्रमाणे, गरीब मुलांस द्यावीत. तेथे १९६२ पासून प्रत्येक सामन्याची सर्व तिकिटे खपल्याचा विक्रम टिकविण्याचा हेतूही त्यामागे होता, हे खरे. पण ज्या मुलाने तो सामना पाहिला त्याचा आनंद त्यामुळे कमी होत नाही. आणि शेवटचा नियम हा की, प्रेक्षक मोजावयाचे ते दारावर मोजावेत, वहीत नव्हे.

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजून सभासदांनी पान उलटू नये. आपल्या पेठेतही जुना किरकोळ दुकानदार आणि घरोघरचे तरुण गिऱ्हाईक हळूहळू दुसरीकडे वळत आहेत, कारण त्यांना आता माल दारात आणून मिळतो. त्यांच्याकडून या वर्षी चार पैसे अधिक घ्यावेत, की ते दहा वर्षांनीही आपल्याच दुकानी यावेत अशी वागणूक ठेवावी, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या गादीवर बसून करावयाचा आहे. नव्या पिढीच्या हाती वही देताना या गोष्टीचा विचार व्हावा, एवढीच नम्र विनंती.