‘घरी मराठीच बोला’ म्हणण्याआधी…

गेल्या वर्षी वस्तीजवळच्या प्राथमिक शाळेत मी आठवड्यातून दोनदा जात होते. पहिलीच्या वर्गात एक मुलगी कायम मागे, गप्प. बाई म्हणाल्या, “काही बोलतच नाही हो. घरी मराठी नाही ना!” मीही मोठ्या शहाणपणानं तिच्या आईला सांगून आले, “घरी हिच्याशी मराठीतच बोलत जा.” बांधकामावर जाणाऱ्या त्या माउलीनं मान हलवली.

पंधरा दिवसांनी घरी गेले. आई म्हणाली, “ताई, मराठीत गोष्ट कशी सांगू? रागवायचं तेवढं येतं.” चटकाच बसला. तिच्या तांड्यावरच्या गोरमाटी गोष्टी, गाणी मी एका वाक्यात बंद करून टाकली होती!

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून केवढं रान पेटलं! जूनअखेर सरकारनं ते आदेश मागे घेतले. मराठीसाठी आपण भांडलो, योग्यच केलं. पण ज्यांना मराठीच दुसरी भाषा आहे, त्या मुलांचं काय? मेळघाटातली कोरकू, नंदुरबारकडची पावरी, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुलं महाराष्ट्राचीच ना? २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवायला सांगतो. २०२० चं शैक्षणिक धोरणही शक्यतो किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. एका वर्गात चार भाषा असल्या तर एकट्या बाईंनी काय करावं, हा प्रश्न मात्र खराच.

आमच्या बाईंनी साधी सुरुवात केली. फळ्यावर ‘आई’ लिहून विचारलं, “तुझ्या घरी काय म्हणतात गं?” “याडी!” पहिल्यांदाच आवाज फुटला. चौथीतली, तिचीच भाषा बोलणारी एक मुलगी रोज थोडा वेळ शेजारी बसू लागली. बाजाराच्या दिवशी आईला कामाची सुट्टी, म्हणून त्या दिवशी तिला वर्गात बोलावलं. तिनं गोरमाटीत गोष्ट सांगितली आणि लेकीनं ती मोडक्यातोडक्या मराठीत सगळ्यांना समजावली. घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्याच आधारानं चढते, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मैत्रिणींनो, पालकसभेत एखादी आई कोपऱ्यात गप्प दिसली, तर तिला मराठी येतं का, हे नंतर विचारू. आधी तिला काय काय येतं, ते विचारूया.