घरातील मुखत्यारी

वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत मध्यमवर्गीय मराठी घरात आईबाप आणि मुले यांच्यामध्ये जी कुरबूर अखंड चालू असते, तिचे विषय कोणी एखाद्या महिन्यापुरते टिपून ठेवले, तर त्या टिपणात धर्म, नीती किंवा सत्यासत्य यांविषयीचा मतभेद क्वचितच आढळेल. आढळतील ते केसांची ठेवण, खोलीचे लावून घेतलेले दार, मोबाइलचे कुलूप, मैत्रिणीकडे झालेला उशीर आणि पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, असले प्रश्न. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ ज्यूडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षे अशाच भांडणांचा अभ्यास केला. चोरी करू नये, दुसऱ्यास इजा करू नये, अशा बाबतींत आईबापांचा अधिकार मुलेही बव्हंशी मान्य करतात, आणि ठिणगी पडते ती जी गोष्ट वडीलधाऱ्यांस रीतीची वा सुरक्षिततेची वाटते परंतु मुलास निव्वळ खासगी वाटते तिच्यावरून, असे त्यांना दिसून आले. ज्याला आपण संस्कारांचा ऱ्हास म्हणून दूषणे देतो, तो बहुतेक वेळा अखत्याराचा तंटा असतो; अमुक विषयात हुकूम कोणाचा चालावा, एवढाच त्यातला मुद्दा असतो.

असा तंटा मिटवण्याची वहिवाट आपल्या समाजात नाही, यात नवल करण्याजोगे काही नाही. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवले, तर तेवढ्यानेही सनातनी मंडळी खवळली. त्यापूर्वी न्हाण येण्याच्या सुमारास मुलगी सासरी जाई आणि तिचा जो काही झगडा व्हायचा तो सासूशी होई, तर कुणब्याचा किंवा सुताराचा मुलगा मिसरूड फुटण्याच्या आतच बापाच्या धंद्याला जुंपलेला असे. शरीर प्रौढ झाले आहे, पण मिळकत, विवाह आणि स्वतःचे घर ही तिन्ही आणखी दहा वर्षे दूर आहेत, असा दीर्घ मधला काळ शिक्षणाच्या प्रसाराने निर्माण केला, आणि तो अजूनही सर्वांच्या वाट्यास आलेला नाही. सोळाव्या वर्षी पुत्रास मित्र मानावे, हे सुभाषित पुष्कळांस मुखोद्गत असते. परंतु खर्चाच्या थैलीच्या नाड्या ज्याच्या हाती, त्याच्याशी मैत्री कशी करावी, हे सुभाषितकाराने सांगितलेले नाही.

अलीकडे या वादात मेंदूची साक्ष काढण्याचा प्रघात पडला आहे. विवेक आणि आत्मसंयम ज्यावर अवलंबून, तो मेंदूचा अग्रभाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो, तर भावना आणि सुखाची ओढ यांची केंद्रे त्याच्या कितीतरी आधी प्रखर होतात, हे आता सर्वमान्य आहे. झोप आणणारे मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवू लागते, म्हणून सकाळी सातला न उठणारा मुलगा केवळ आळशी ठरत नाही, हेही खरे. परंतु या साक्षीतला सोयीचा तेवढा भाग उचलून, मेंदू कच्चा आहे तेव्हा सर्व निर्णय आम्हीच करणार, असा जो निवाडा आईबाप देतात, त्याला शास्त्राचा आधार नाही. टेम्पल विद्यापीठातील लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा की, शांतपणे, घाई नसताना, माहिती समोर ठेवून विचार करावयाचा असेल तेव्हा सोळा वर्षांचे मूल प्रौढाच्या जवळपास बरोबरीने विचार करते. त्याची बुद्धी दगा देते ती भावना उसळलेल्या असताना आणि सवंगडी भोवती असताना. मोटार चालवण्याच्या एका खेळात मित्र पाहत असताना किशोरांनी घेतलेली जोखीम पुष्कळ वाढली, आणि प्रौढांवर मात्र मित्रांच्या हजेरीचा परिणाम झाला नाही.

या निष्कर्षाशी आपल्या घरांतील कारभार ताडून पाहावा. दहावीला गुण बरे पडले की चिरंजीवांस दुचाकी बक्षीस मिळते, आणि विज्ञान घ्यावयाचे की कला, लातूरला पाठवावयाचे की कोट्याला, हे मात्र वडील, काका आणि शिकवणीचे संचालक मिळून ठरवतात. म्हणजे ज्या विषयात महिनाभर विचार करण्यास सवड आहे आणि ज्याचे बरेवाईट फळ मुलालाच भोगावयाचे आहे, तेथे त्याची मुखत्यारी शून्य. आणि मागे दोन मित्र बसवून रात्री रस्त्यावर क्षणार्धात जो निर्णय घ्यावा लागतो, तो बिनशर्त त्याच्या स्वाधीन! सरकारी कायदा याबाबतीत घरापेक्षा शहाणा आहे. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना देतो, त्याहून मोठ्या वाहनासाठी अठरापर्यंत थांबवतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगतो. मुलींची कथा निराळी आहे. त्यांना ना शाखा निवडता येते ना गाडी मिळते. ओढणीपासून परतण्याच्या वेळेपर्यंत सर्व मुलूख खालसा केलेला असतो, आणि त्या खालसा मुलखाला काळजी असे नाव दिलेले असते.

अखत्यार सोडणे किती अवघड, याचे एकाच घरातले उदाहरण गांधींचे आहे. राजकोटला पंधराव्या वर्षी मोहनदासाने भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला, आणि पुढे मनाला टोचणी लागून अपराधाची कबुली व शिक्षेची मागणी चिठ्ठीत लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. करमचंदांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून आसवे गळाली, आणि चिठ्ठी फाडून ते पुन्हा आडवे झाले. ज्या पित्याने त्याचे लग्न तेराव्या वर्षी त्याला न विचारता लावून दिले आणि ज्याबद्दल मुलाने आत्मचरित्रात त्याला दोष दिला, त्याच पित्याने येथे पश्चात्तापाचा विषय मुलाच्याच अखत्यारात राहू दिला. परंतु हाच मुलगा पुढे पिता झाला तेव्हा थोरल्या हरिलालला बॅरिस्टर व्हावयाचे होते आणि आधुनिक शिक्षणावरील बापाचा विश्वास उडालेला होता. इंग्लंडला पाठवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती दुसऱ्यास दिली गेली, आणि १९११ साली हरिलाल घर सोडून निघाला. अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकामुळे पुढची परवड मराठी प्रेक्षकास ठाऊक आहे. हरिलालच्या अधःपाताचा सगळा बोजा बापावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि देशाला स्वराज्य मागणाऱ्या थोर पुरुषास मुलाच्या शिक्षणापुरते स्वराज्य देणे जमले नाही, ही नोंद पुसता येत नाही.

म्हणून माझे मत असे की, मुखत्यारी मागून भांडण होण्याची वाट न पाहता ती आईबापांनीच एकेका विषयाने, आपण होऊन सोपवावी. केस, कपडे, खोली हे विषय तेराव्या वर्षीच सोडून द्यावेत. महिन्याच्या खर्चाची रक्कम चौदाव्या वर्षी हाती द्यावी आणि ती आठवडाभरात उडाली तर पुरवणी मंजूर करू नये. अंगाला धोका असेल, दारू असेल, वाहन असेल, तेथे मात्र नकार एकदाच, कारणासह आणि आवाज न चढवता द्यावा, व मग तो फिरवू नये. काही बाबतींत मुले चुकतील. आपल्या बापजाद्यांनी पारखून घेतलेल्या सोयरिकी आणि नोकऱ्याही काही थोड्या चुकल्या नाहीत.

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज सुरू होतात. त्या अर्जातील शाखेचा रकाना पालकांनी यंदा स्वतः भरू नये, आणि दुचाकीची किल्ली अठरा वर्षे पुरी होऊन परवाना हाती येईपर्यंत आपल्याच खिशात ठेवावी, एवढी विनंती आहे.